येळवस आणि फोर्स मेजर

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

आजपासून रोजनिशी लिहिणार. मोठ्या कंपन्यांचे डायरेक्टर लिहितात म्हणे. इंग्रजीत सुरू केली होती, दोन ओळींत डोकं दुखायला लागलं. मराठीत लिहितो. वाचणारा मीच आहे.

कंपनीचं नाव भुजंग ग्लोबल पल्सेस प्रायव्हेट लिमिटेड, लातूर. गेल्या महिन्यापर्यंत लोक हिला भुजंगची डाळमिल म्हणायचे. आजही म्हणतात, पण गेटवर नवा बोर्ड लागलाय. मी मॅनेजिंग डायरेक्टर. प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतात, म्हणून दुसरी डायरेक्टर राजकन्या, म्हणजे आमची मंडळी.

आज पहिली बोर्ड मीटिंग झाली. राजकन्या भाकरी थापत होती. मी ठराव वाचला, की कंपनीने यंदापासून परदेशात डाळ पाठवावी. ती म्हणाली, सरका जरा, परात ठेवायची आहे. मी सरकलो. तिने परात सरकवली. ठराव एकमताने मंजूर.

संकल्प: पहाटे उठणे. चिडचिड कमी करणे. वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही न करणे.

११ नोव्हेंबर

पहाटे जाग आली होती. थंडी होती.

दुबईहून करार आला. एकेचाळीस पानं. तूरडाळ, दोन कंटेनर, तीन जानेवारीच्या आत जहाजावर. खरेदीदार इदरीसभाई मूळचे बिदरचे, आता तिकडे त्यांची गोदामं आहेत. अर्धे पैसे आगाऊ देतायत. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं. मधलं सगळं वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं असतं.

संघपालला फोन केला. कॉलेजपासूनचा मित्र, इथल्याच कोर्टात वकिली करतो. म्हणाला, पाठव, दोन दिवसांत वाचून सांगतो. दोन दिवस! इंटरनॅशनल बिझनेस दोन दिवस थांबत नसतो. पाठवला नाही. उशीर झाला तर दर दिवसाची नुकसानभरपाई आणि त्यांचं पुढचं गिऱ्हाईक तुटलं तर तेही आपल्या अंगावर, एवढं इदरीसभाईंच्या माणसाने फोनवर सांगितलंच होतं. उशीरच होणार नाही तर भरपाई कशाची.

शेवटच्या पानावर हमी आहे. कंपनीने पैसे भरले नाहीत तर दोन्ही डायरेक्टर स्वतः जबाबदार, आणि तारण म्हणून राजकन्याचं मुखेडचं शेत. सासऱ्यांनी जाताना ते तिच्या नावावर केलंय. सासूबाई मनकर्णाबाई तिथंच राहतात, तिथलंच खातात. अर्थात ही निव्वळ फॉर्म्यालिटी.

राजकन्याने विचारलं, शेताचं नाव कशाला ह्यात? मी म्हणालो, त्याने कंपनीची पत वाढते. तिने पदराला हात पुसून सही केली. मलाही बरं वाटलं, की घरात विश्वास आहे.

शेवटचं पान वाचून सही केली, म्हणजे तिसरा संकल्प निम्मा पाळला.

२० नोव्हेंबर, मतदान

नवी गाडी घेतली. पांढरी, मोठी. आगाऊ आलेल्या पैशातून घेतली, कारण एमडी मोटरसायकलवर आला तर बायरचा विश्वास बसत नाही. मतदानाला तीच घेऊन गेलो. शाळा आमच्या घरापासून दिसते, पण तो मुद्दा नाही.

रांगेत संघपाल भेटला. गाडी कुणाच्या नावावर, म्हणाला. माझ्या. पैसे कुणाचे? कंपनीचे. मग त्याने रांगेतच लेक्चर सुरू केलं. डायरेक्टरने कंपनीचा पैसा स्वतःसाठी वापरला की कोर्ट कंपनीचा पडदा बाजूला सारून थेट माणसाला धरतं, वगैरे. मी त्याला शांतपणे समजावलं, की लिमिटेड म्हणजे जबाबदारी लिमिटेड. कंपनी वेगळी, मी वेगळा. तो म्हणाला, हे तुला कळतंय, पण तुझ्या गाडीला कळंना.

वकिलांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. तरी मित्र आहे म्हणून चहा पाजला.

८ डिसेंबर

कंटाळा आलाय. डाळीला पॉलिश नीट बसत नाही, मशीनचा पट्टा दोनदा तुटला, माझी ॲसिडिटी वेगळीच. नवीन टाइमटेबल करून भिंतीवर लावलं. तीस तारखेला दोन्ही ट्रक भरायचे, एकतीसला निघायचं, एकला पोर्टवर, तिथं कंटेनरमध्ये माल टाकायचा. एकदम जर्मन काम.

हमालांचा मुकादम शिवप्पा टाइमटेबल बघत उभा राहिला. उदगीरकडचा आहे, कमी बोलतो. म्हणाला, "साहेब, तीसला येळवस हाय."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी अख्खा भाग शेतात जेवायला जातो. मी त्याला सांगितलं, की इंटरनॅशनल ट्रेड पंचांगावर चालत नसतो. तो म्हणाला, हमाल चालतेत. आणि गेला.

ठीक आहे. दोन दिवस आधी भरू. टाइमटेबल नवीन करावं लागेल. उद्या करतो.

२७ डिसेंबर

टाइमटेबल राहून गेलं. एक ट्रक भरला, दुसरा अर्धा. हमाल संध्याकाळी एकेक करून निघून गेले. शिवप्पाला विचारलं तर म्हणतो, लेकरं वाट बघतेत, एकला सकाळी येतो. जास्त मजुरी देतो म्हणालो. पैशाचं न्हाई, साहेब, म्हणाला, वर्साचा सण हाय.

मॅनेजमेंटमध्ये लवचीकपणा लागतो. मोठ्या मनाने सगळ्यांना सुट्टी दिली. तसंही कुणी थांबलं नव्हतं.

दुसरं असं, की येळवशीला मुखेडला माझी पाहुणेमंडळी येणार. एक्स्पोर्टर झाल्यावरची पहिली येळवस. बाजारातले व्यापारी, बँकेतले दोघं, गल्लीतली सगळी. एवढी माणसं न्यायची कशी? अर्धा भरलेला ट्रक रिकामा करून घेतला. रिकामा करायला मात्र माणसं मिळाली.

३० डिसेंबर, येळवस

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. लातूर रिकामं. रस्त्यात कुत्रंसुद्धा नाही, सगळे शेतात. सासूबाईंनी कडब्याची खोप छान बांधली होती, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. ताकातलं आंबील, हिरव्या दाण्या-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. आंबील इतकं प्यालो की बसल्या जागी डोळे मिटायला लागले.

सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, जावायबापूची डाळ दुबईला चालली. मी फक्त हसलो. मोठ्या माणसाने जास्त बोलू नये.

खोपीसमोर फोटो काढला. मी, मागे ट्रक, हातात भज्जीचं ताट. स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'काम काम काय करता, येळवस वर्षातून एकदाच'. एकशे दोन लोकांनी बघितला.

४ जानेवारी २०२५

जहाज गेलं. ट्रक वाटेत होते. पुढचं जहाज दोन आठवड्यांनी.

इदरीसभाईंचा फोन. आवाज अगदी गोड. "भुजंग साब, तुम्हारा स्टेटस देखा मैं. भज्जी भोत अच्छी दिख री थी. मेरा माल किधर है?"

मी सांगितलं, येतोय. नेटवर्क गेलं असं म्हणून फोन ठेवला. आज अंग दुखतंय. लवकर झोपतो.

२० जानेवारी

नोटीस आली. माल उशिरा म्हणून त्यांच्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडून घेतला, ती भरपाई, शिवाय दर दिवसाची वेगळी, शिवाय आगाऊ रक्कम परत. कंपनीला नोटीस, मला नोटीस, आणि राजकन्याला नोटीस. तिची मी पोस्टमनकडून परस्पर घेतली. ती शिक्षिका आहे, शाळेत गॅदरिंगचे दिवस आहेत, उगीच ताण कशाला.

घाबरण्याचं कारण नाही. करार आता वाचायला घेतला. एकोणिसाव्या पानावर सोनं सापडलं. फोर्स मेजर! म्हणजे माणसाच्या हाताबाहेरचं संकट आलं तर भरपाई माफ. युद्ध, पूर, आग, संप, सरकारी आदेश. येळवशीला कलेक्टरने स्थानिक सुट्टी जाहीर केली होती. सुट्टी म्हणजे सरकारी आदेश. झालं!

संध्याकाळी संघपालच्या ऑफिसात गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाला, सुट्टी ऑफिसांना होती, तुझ्या मिलला न्हाई. मी म्हणालो, पण अमावस्या तर देवाचीच. तो म्हणाला, "दरवर्षी येतंय त्याला संकट म्हणत न्हाईत, भुजंग. सण म्हणतात."

पडेल वकील. मीच पत्र लिहितो.

२२ जानेवारी

पत्र गेलं. पाच पानं, इंग्रजीत, कोचिंग क्लासच्या एका सरांकडून तपासून घेतलं. येळवस हा प्राचीन आणि अटळ प्रकार असून त्या दिवशी मराठवाड्याच्या या भागात मनुष्यबळ पूर्णपणे नाहीसं होतं, असं शास्त्रीय भाषेत मांडलं. कलेक्टरचा आदेश जोडला. वाचून मलाच पटलं. दुबईवाल्यांना येळवस कुठून माहीत असणार.

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

३ फेब्रुवारी

उत्तर आलं. सोबत माझा फोटो जोडलाय. मी, ट्रक, भज्जीचं ताट. खाली माझ्या ओळीचं इंग्रजी भाषांतर. भाषांतर चांगलं केलंय, त्यात शंका नाही.

इदरीसभाईंचा फोनही आला. "येळवस मेरे कू मत सिखाओ, साब. बिदर का हूँ मैं. हमारे खेत में भी खोप बंधती थी." मग म्हणाले, मालाचा ट्रक पाहुण्यांना फिरवायला नेला, आगाऊ पैशाची गाडी घेतली (हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे), आता कंपनीशी बोलणं नाही. हमीच्या कागदावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्याशी बोलणं. मुंबईचं त्यांचं ऑफिस कोर्टात जाणार, शेतावर बोजा चढवणार.

संघपालकडे परत गेलो. त्याने हमीचं पान उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, राजकन्याला ठाऊक आहे का.

मी म्हणालो, योग्य वेळी सांगणार आहे. तो म्हणाला, ती डायरेक्टर आहे, नोटीस तिच्या नावाची आहे, आणि शेत तिचं आहे. आज सांग. मी रिक्षाने घरी आलो. गाडी चालवायचं मन झालं नाही.

४ फेब्रुवारी

सांगितलं.

आधी कंपनी कायद्याची पार्श्वभूमी समजावून सांगितली. मग जागतिक बाजारातल्या अडचणी. ती भांडी घासत होती, तिने नळ बंद केला. शेताचं काय झालं ते सांगा, म्हणाली. सांगितलं.

वाटलं होतं रडेल, भांडेल. तिने फक्त नोटीस मागितली आणि उभ्याने वाचली. मग म्हणाली, "तुमची कंपनी बुडू द्या. माझ्या आईला त्या शेतातून उठ म्हणायला तुम्ही जायचं. मी न्हाई जाणार."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण एमडीने भावनेत वाहून चालत नाही.

९ फेब्रुवारी

मुखेडला जाऊन आलो. सासूबाईंना सगळं स्पष्ट सांगायचं ठरवून गेलो होतो. वाटेत तीनदा मनात म्हणून बघितलं.

त्या अंगणात शेंगा वाळवत होत्या. मला बघून केवढा आनंद. हुरडा भाजला, चटणी वाटली, शेजारणीला हाक मारून माझी गाडी दाखवली. मग बांधावर नेलं. म्हणाल्या, हितं यंदा चिंच लावायची, तुमची नातवंडं खातील. मी चिंचेबद्दल थोडं बोललो. हुरडा सगळा खाल्ला.

सांगायची वेळ योग्य वाटली नाही. निघताना त्यांनी पिशवीभर हुरडा दिला. राजकन्याने पिशवी बघितली आणि ओळखलं.

१० फेब्रुवारी

राजकन्या शाळेत सुट्टी टाकून सकाळच्या एसटीने एकटीच मुखेडला गेली. गाडी घेऊन जा म्हणालो, तिने ऐकलं नाही.

मी घरात. दिवसभर काही सुचलं नाही. पिठल्याला मीठ किती घालतात ते फोन करून विचारणार होतो, पण केला नाही.

१२ फेब्रुवारी

ती परत आली. सासूबाई काय म्हणाल्या विचारलं. म्हणाली, आई रात्री जेवली न्हाई.

आल्या आल्या तिने इदरीसभाईंना फोन लावला. मी बाजूला बसून मुद्दे कागदावर लिहून देत होतो. फोर्स मेजर, कलेक्टर, प्राचीन परंपरा. तिने कागद वाचला आणि पालथा ठेवला. सरळ म्हणाली, "भाई, चूक आमची हाय. सणाची न्हाई. माल देऊ, पण शेतात माझी आई राहती."

मी कपाळावर हात मारला. निगोशिएशनमध्ये चूक आधी कबूल करणारी मॅनेजमेंट जगात कुठे नसेल. मग ते काहीतरी बोलले, ती हं हं करत राहिली.

ठरलं ते असं. गाडी विकून भरपाईचे पैसे लगेच द्यायचे. आगाऊ रकमेचे राहिलेले दोन कंटेनर मार्चमध्ये. पुढचा माल जुन्याच भावाने, यंदाच्या डिसेंबरात, वेळेवर. तो जहाजावर चढला की हमीचा कागद परत. एक दिवस जरी चुकला तरी शेत. आणि सगळ्या कागदांवर सही फक्त मॅडमची. फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, साब कू फोन मत देना. स्पीकर चालू होता.

बोलणी मीच सुरू करून दिली होती, हे विसरून चालणार नाही.

८ मार्च

गाडी गेली. नेणाऱ्याने 'एमडी' लिहिलेली पाटी काढून माझ्या हातात दिली. घरी कुठे ठेवावी कळेना. माळ्यावर टाकली.

राजकन्या शाळा सुटली की मिलमध्ये येऊन बसते. खाजगी शाळा आहे, संस्थाचालकांची परवानगी काढली तिने. माझ्या केबिनमध्ये बसते. मी बाहेरच्या टेबलावर बसून तिला ट्रेनिंग देतो. अजून तिने काही विचारलेलं नाही.

२ सप्टेंबर

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं काय. मार्चचा माल वेळेवर गेला. पट्टा नवीन बसवला. मिलमधली पोरं आता मला काका म्हणतात, साहेब म्हटलं की राजकन्याकडे बघतात.

डिसेंबरच्या कराराची तारीख ठरवायला बसलो, तर तिने सगळ्यात आधी शिवप्पाला आत बोलावलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. येळवस १९ डिसेंबरला. माल १० ला निघालाच पाहिजे, असं ठरलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

संध्याकाळी पाय दुखतात. डॉक्टर म्हणतात वय. मला वाटतं मानसिक ताण.

१० डिसेंबर

दोन्ही ट्रक सकाळी निघाले. राजकन्याने हमालांना पेढे वाटले. एक मलाही मिळाला. पंधरा-सोळापर्यंत जहाज.

स्टेटस टाकायला फोन काढला होता. परत खिशात ठेवला.

१९ डिसेंबर, येळवस

एसटीने मुखेडला. यंदा पाहुणे कमी. संघपाल सहकुटुंब आला, शिवप्पा गावी जाताना उभ्या उभ्या आंबील पिऊन गेला. माल जहाजावर चढला, आणि आज सकाळी इदरीसभाईंनी हमी रद्द केल्याचा कागद फोनवर पाठवला. खाली एक ओळ. भज्जी का फोटो भेजो, मॅडम.

सासूबाईंनी तो कागद संघपालकडून मोठ्याने वाचून घेतला. मराठीत. मग पुन्हा एकदा. मग खोपीत जाऊन पांडवांपुढे डोकं टेकवलं आणि बराच वेळ उठल्या नाहीत. राजकन्या त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी लांबच थांबलो. तिथं जायला तोंड नव्हतं.

जेवणाआधी संघपाल म्हणाला, बोर्ड मीटिंग उरकून घेऊ. दोन ठराव. पहिला, मनकर्णाबाईंना डायरेक्टर करणे. सासूबाई म्हणाल्या, आधी सगळं वाचून दाखवा, मग सही. तिसऱ्यांदा वाचून घेतल्यावर त्यांनी सही केली. अर्धा तास गेला.

दुसरा माझा राजीनामा. बायका खोपीत होत्या, त्यामुळे भाकऱ्यांचं काम माझ्याकडे आलं होतं. हात पिठात. राजकन्या कागद घेऊन चुलीपाशी आली आणि वाचायला लागली. मी म्हणालो, थांब, मला बघू दे. तिने कागद माझ्या डोळ्यांसमोर धरला. वरपासून खालपर्यंत सगळा वाचला. या कंपनीचा पूर्ण वाचलेला माझा हा पहिला कागद. एकच पान होतं. चूक कुठे काढता आली नाही.

तिने विचारलं, "काही म्हणायचंय?"

म्हणायचं बरंच होतं. तवा तापला होता. मी म्हणालो, सरक जरा, परात ठेवायची आहे. ती सरकली. मी परात सरकवली. संघपालने लिहून घेतलं, ठराव एकमताने मंजूर.